जलपर्णी

जलपर्णी ही पाण्यावर तरंगणारी बहुवर्षायू वनस्पती. पुण्यात जलपर्णी, नाशिकला पानवेली, कोल्हापूरकडे केंदाळ. शास्त्रीय नाव पाँटेडेरिया क्रॅसिपेस. जुन्या पुस्तकांत आयकॉर्निया क्रॅसिपेस. मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातली. फिकट जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसाने ती जगभर नेली. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि तिथले जलमार्ग, भातखाचरे तिने अशी व्यापली, की १९३६ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

पानाचा फुगीर देठ दाबला तर स्पंजासारखा लागतो. आतल्या हवेच्या पोकळ्यांमुळे रोप तरंगते. त्याला आडवे धुमारे फुटतात, धुमाऱ्याच्या टोकाला नवे रोप, त्याला पुन्हा धुमारे. अनुकूल परिस्थितीत एक-दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. फुले सुकली की दांडा वाकून पाण्यात शिरतो आणि बी गाळात पडते. ते पंधरा-वीस वर्षेही रुजण्याजोगे राहते.

थर दाट झाला की पाण्यात ऊन पोचत नाही, विरघळलेला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या तर मुळांना छेद देऊन तिथूनच श्वास घेतात. पक्ष्यांचे गणित मात्र सरळ नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर या महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळी (रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पानवेलींच्या गालिच्यावर जांभळी पाणकोंबडी खुशाल फिरते. हिवाळी बदकांना मात्र उघडे पाणी लागते.

प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खत. पुण्याच्या मुळा-मुठेत ती उन्हाळ्यात काठोकाठ माजते, याचे कारण एवढेच. पहिल्या मोठ्या पुराबरोबर ती वाहून जाते, म्हणजे खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकते. दरवर्षी यंत्रे लावून ती उपसली जाते. ओल्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने वाहतूक महाग पडते. मग ढीग काठावरच कुजतात आणि शोषलेले खत पुन्हा नदीत झिरपते. नियोकेटिना जातीचे भुंगेरे तिचीच पाने खातात. १९८०च्या दशकात ते भारतात आणून सोडले गेले. ते काम करतात, पण त्यांना वर्षे लागतात. एवढ्यात यंत्राने थर उपसला, की त्याच्याबरोबर भुंगेरेही काठावरच्या ढिगात जातात.