बायोएन्झाइम ओतल्याने तळे स्वच्छ होते का?

'एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी तीन महिने आंबवून तळ्यात ओता, पाणी शुद्ध होईल,' असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. हेतू चांगलाच आहे. पण हा द्राव, म्हणजेच बायोएन्झाइम, मुख्यतः आम्ल असतो, पीएच (आम्लतेचे माप; ७ पेक्षा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ३ ते ४. फरशीवरचे क्षारांचे डाग निघतात ते त्यामुळेच. तळ्यात आम्ल विरते आणि द्रावातले सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात ते अशानेच. घाण खाणारे जिवाणू तिथे आधीपासून असतातच, कमी पडते ती हवा.

पडताळायचे असेल तर दोन बाटल्या तळ्याच्या पाण्याने काठोकाठ भरा. एकीत चमचाभर द्राव, दोन्हींत मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचे दोन-दोन थेंब घालून बूच लावा, अंधारात ठेवा. प्राणवायू संपला की निळा रंग उडतो. द्रावाच्या बाटलीतला आधी उडेल.