दुचाकी थांबताना पडते, तीनचाकी वळताना

मालाची सायकल मी सहा वर्षं चालवली होती. मुंबईत लालबागच्या किराणा दुकानातून निघायचं ते परळ, काळाचौकी, शिवडी. कॅरिअरवर तांदळाची गोणी, हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, आणि अखंड घंटी. त्यामुळे शेठने पायडलची तीनचाकी आणली, पुढे एक चाक आणि मागे दोन, तेव्हा ती मला शिकवावी लागेल असं ना त्यांना वाटलं ना मला. दोन चाकांवर सावरतो त्याला तीन चाकांचं काय! पहिल्याच गल्लीत मी सवयीने डावीकडे कललो. गाडी सरळ गेली. चाक फुटपाथला घासलं, पाण्याचा एक जार घरंगळला आणि कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले मामा हातातला टायर तसाच धरून म्हणाले, "वाकतोस काय रे, हात फिरव की!"

पायडल, चेन, हँडल, घंटी सगळं सारखंच. म्हणून या दोन गाड्या एकच वाटतात, आणि एकीची सवय दुसरीवर घात करते.

दुचाकी वळते ती कलून. डावीकडे जायचं तर आपण नकळत हँडल क्षणभर उजवीकडे देतो, सायकल डावीकडे झुकते, मग हँडल तिच्या मागे जातं. हे कोणी शिकवत नाही, गुडघे फुटता फुटता अंगात मुरतं. तीनचाकी झुकूच शकत नाही. तिला फक्त हात कळतो. मामांचं म्हणणं असं की ज्याला सायकल अजिबात येत नाही, तो तीनचाकी लवकर शिकतो. तेव्हा मला ते टोमण्यासारखं वाटलं होतं. पुढे गावाकडून आलेल्या एका पोराने दोन दिवसांत माझ्यापेक्षा सफाईने गाडी काढली, तेव्हा पटलं.

वळताना माल बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. दुचाकीवर झुकल्यामुळे तो जोर चाकांतून सरळ जमिनीत उतरतो. तीनचाकीवर तोच जोर गाडी उलथवायला बघतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. उलट बाजूने बघा: ताशी १५ किलोमीटरवरून १० वर आलात तर तो निम्म्याहूनही कमी. वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी. वळणात ब्रेक दाबला तर वजन पुढे सरकतं, आणि पुढे तर एकच चाक. तीन चाकं म्हणजे जमिनीवरचा त्रिकोण, पुढच्या टोकाला निमुळता. वजन त्या टोकाकडे आणि त्याच वेळी बाहेर गेलं की आतलं मागचं चाक उचललंच समजा. मला जमायला महिना गेला: आधी वेग कमी, मग हात, मग अंग वळणाच्या आतल्या बाजूला. शेवटचं ते आतमध्ये अंग टाकणं दुचाकीवाल्याला ओळखीचं वाटतं, पण इथे ते गाडी वळवायला नसतं, तिला खाली धरून ठेवायला असतं.

उजवं वळण जास्त फसवं. पाणी गटाराकडे जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि आपण चालतो डावीकडून. दुचाकीला तो उतार जाणवतही नाही. तीनचाकी मात्र त्या उताराबरोबर सारखी डावीकडे ओढ घेते, संध्याकाळपर्यंत उजवा खांदा भरून येतो. आणि कडेवरूनच उजवीकडे वळायला गेलात तर बाहेर ढकलणारा जोर आणि उतार दोन्ही एकाच दिशेचे होतात. मोठ्या नाक्यावर मी तर उजवीकडे वळतच नाही. सरळ पलीकडे जायचं, तिथे गाडी फिरवायची आणि त्या बाजूच्या सिग्नलला निघायचं. दोन मिनिटं जातात, पण मागून येणाऱ्या गाड्यांच्या पोटात शिरावं लागत नाही.

मालाचं पुढचं गणित. २० लिटरचा एक जार म्हणजे २० किलो पाणी. बारा जार एकाच थरात, तळाशी, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे. दुसरा थर चढवला की गाडी दिसायला तशीच, वळणावर वेगळीच. सगळा माल मागे सरकवला तर पुढचं चाक हलकं पडतं, आणि बऱ्याच तीनचाकींना ब्रेक त्या पुढच्या चाकालाच असतो. मग हँडलही ऐकत नाही, ब्रेकही. आइस्क्रीमच्या गाडीची गोष्ट उलटी: तिथे दोन चाकं आणि पेटी पुढे, हँडल फिरवलं की अख्खी पेटी फिरते. ती चालवून आलेला माणूस आमच्या गाडीवर पहिल्या दिवशी माझ्यासारखाच चुकेल.

आता दुचाकीची बाजू. तिचा घात चालताना होत नाही, थांबताना आणि निघताना होतो. वेग असेपर्यंत चाळीस-पन्नास किलो माल कळत नाही. सिग्नलला सायकल दोन-तीन अंशांनी कलली की मात्र तोच माल पायाला झेपत नाही. म्हणून लाल दिवा दिसला की दुरूनच पायडल सोडायचं आणि रांगेपर्यंत हळूहळू पोचायचं. बहुतेकदा हिरवा लागतो आणि पाय टेकवावाच लागत नाही. यात दमही वाचतो, कारण भरलेली सायकल जागची हलवणं हेच सगळ्यात जड काम.

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजनही जवळपास तेवढंच. म्हणजे भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आकड्यांवर एकेक टांगलं की तोल राहतो. पण एक घर झालं की दुसऱ्या बाजूचे तीस किलो एकटे लोंबतात. अनुभवी माणूस खाली सोसायटीतच सायकल स्टँडला लावून उरलेलं सिलिंडर हलवतो किंवा रिकामं दुसऱ्या बाजूला अडकवतो, मगच टांग मारतो. नवा माणूस "पुढचंच तर घर आहे" म्हणतो. डबेवाले बघा. १८९० पासून चालत आलेला हा धंदा, आणि आजही हँडलच्या दोन्ही बाजूंना डबे सारख्या वजनाने लावूनच सायकल निघते. हँडलला जास्त वजन लावलं तर मात्र सायकल उभी असताना हँडल आपसूक फिरतं आणि सगळं खाली. माल बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी दोरीपेक्षा बरी, धक्क्याने ढिली पडत नाही.

रुंदी हा तीनचाकीचा दुसरा सापळा. बसल्या जागेवरून दिसतं फक्त पुढचं चाक. ते खड्ड्याला, हातगाडीला, उभ्या स्कूटरला चुकवून गेलं की आपण निर्धास्त, आणि मागचं चाक नेमकं तिथेच आपटतं. खड्डा पुढच्या चाकाने चुकवायचा नसतो, मागच्या दोन चाकांच्या मधे घ्यायचा असतो. शिवाय अनेक गाड्यांत चेनचा जोर मागच्या एकाच चाकावर असतो. ते चाक चिखलात गेलं की पायडल फिरतं आणि गाडी जागेवर. आपलं कोणतं चाक ओढतं ते दुकानातच बघून ठेवावं. दुचाकीला अशी भानगड नाही, तिला भीती असते ती रस्त्याच्या लांबीने गेलेल्या फटींची. काँक्रीट जिथे संपतं आणि पेवर ब्लॉक सुरू होतात तिथे बारीक टायर अडकतो. फट तिरकी नाही, होता होईल तेवढी आडवी ओलांडायची.

बाकी रस्त्याचे नियम दोघींना सारखेच आणि सगळ्यांना माहीत असलेले. उभ्या टॅक्सीपासून दार उघडेल एवढं अंतर, थांब्यावर बेस्टची बस आणि फुटपाथ यांच्या मधे शिरायचं नाही, रात्री मागे लाल रिफ्लेक्टर. सागरी सेतू आणि पूर्व मुक्त मार्ग दोघींना बंद. गंमत अशी की ऑटोरिक्षा माहीम-शीवच्या पुढे शहरात येत नाही, पण आमची पायडलची तीनचाकी खुशाल मशीद बंदरपर्यंत जाते.

चढावर तीनचाकीचं बरं असतं. माणसाच्या चालीने गेली तरी ती पडत नाही. एवढ्या संथपणे गेलं तर भरलेली दुचाकी डुगडुगते, उतरून ढकलावीच लागते. पण चढावर थांबलात की तीनचाकी मागे घरंगळते. ब्रेकच्या लिव्हरला ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि चाकाखाली वीट ठेवायची. ती वीट आमच्याकडे गाडीच्या सामानातच धरतात. उतारावर दोन्ही गाड्यांचा ब्रेक आधीपासून हलका हलका धरायचा, पावसात तर नक्कीच. रिम ओली असेल तर पहिला थोडा वेळ ब्रेक नुसता पाणी पुसतो, पकडत नाही.

हल्ली दोन्हींना मोटर बसवतात. दुचाकीवर २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर नियमाने ती मोटार वाहनात धरत नाहीत. चढावर, सिग्नलहून निघताना ही मदत सोन्यासारखी. तीनचाकीवर मात्र मला ती थोडी धास्तीचीच वाटते. पायाने जो वेग कधी गाठलाच नसता, तो घेऊन माणूस वळणावर पोचतो.

मग कोणतं काम कोणाला? पाव, डबे, एखाददुसरं सिलिंडर, चाळीच्या बोळातली घरं: दुचाकी. जार, गोण्या, एकाच सोसायटीतली दहा घरं: तीनचाकी. भरल्या मालासकट ती खाली उभी राहते आणि आपण निवांत चौथ्या मजल्यावर जाऊन येतो, हे सुख दुचाकीला नाही. जुलैत हिंदमाता चौकात पाणी भरलं की मात्र दुचाकीच. उतरून हातात धरायची, पाऊल पुढे टाकून जमीन चाचपायची, मग चाक पुढे न्यायचं. तीनचाकी त्या दिवशी दुकानासमोर वीट लावून उभी असते, आणि शेठ फोनवर एकेका गिऱ्हाइकाला सांगत असतात, "वहिनी, जार उद्या सकाळी."