टेस्टोस्टेरॉन आणि हृदय: कारण कोण, परिणाम कोण?

पुरुषांना हृदयविकार स्त्रियांपेक्षा साधारण सात ते दहा वर्षे आधी गाठतो. त्यामुळे संशयाची सुई बराच काळ टेस्टोस्टेरॉनवर रोखलेली होती. पुरुषांचे संप्रेरक हृदयाला घातक आणि स्त्रियांचे तारक, असा सरळ हिशेब. १९६०च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या मोठ्या चाचणीत तो तपासलाही गेला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही पुरुषांना इस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक देण्यात आले. संरक्षण मिळणे दूरच, जास्त मात्रा घेणाऱ्यांचा त्रास उलट वाढला आणि १९७० साली त्यांचे इस्ट्रोजेन बंद करावे लागले.

पुढे नेमके उलटे चित्र दिसू लागले. ज्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी, त्यांच्यातच मधुमेह, हृदयविकार आणि मृत्यूचे प्रमाण जास्त. मग टेस्टोस्टेरॉन बाहेरून भरून दिले की हृदय सुधारेल, हा विचार ओघानेच आला. माझ्या मते सगळा गोंधळ इथूनच सुरू झाला, कारण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही.

टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होते, पण त्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून सुटतो. पोटाचा घेर वाढला की हा हुकूम मंदावतो. चरबीच्या पेशींतले अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते, आणि ते इस्ट्रोजेन मेंदूला ‘पुरे झाले’ असे कळवते. मधुमेह, मूत्रपिंडाचे जुने दुखणे, अपुरी झोप, अफूवर्गीय वेदनाशामके, कोणताही मोठा आजार, या सगळ्यांनी पातळी घसरते. हृदय बिघडवणाऱ्या गोष्टीही जवळपास याच. म्हणजे कमी टेस्टोस्टेरॉन हे बऱ्याचदा आजाराचे मूळ नसते, शरीर आजारी असल्याची ती खूण असते.

पण ते निव्वळ खूणच आहे, असेही नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात औषधांनी टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणतात. अशा रुग्णांत काही महिन्यांतच चरबी वाढते, स्नायू झडतात आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासे होते. हे संप्रेरक अजिबात नसणे शरीराला परवडत नाही.

मग बाहेरून दिले तर? २००९च्या अखेरीस एक चाचणी मध्येच थांबवण्यात आली. तिच्यात चालण्याफिरण्याची अडचण असलेले, पासष्टीपुढचे २०९ पुरुष होते. टेस्टोस्टेरॉनचे जेल लावणाऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या तक्रारी २३ जणांना झाल्या, नुसते जेल लावणाऱ्या गटात ५ जणांना. चाचणी लहान होती आणि माणसे आधीच खंगलेली होती, तरी हे आकडे दुर्लक्षिण्यासारखे नव्हते. २०१५ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवर इशारा छापायला लावला आणि कंपन्यांकडून मोठ्या चाचणीची मागणी केली.

तिचे नाव ‘ट्रॅव्हर्स’. निकाल २०२३ साली आले. ४५ ते ८० वयाचे पाच हजारांहून अधिक पुरुष. सगळ्यांचे टेस्टोस्टेरॉन कमी, आणि हृदयविकार आधीच असलेला किंवा होण्याचा धोका मोठा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषधाच्या गटात ७.० टक्के, दुसऱ्या गटात ७.३ टक्के. म्हणजे मोठी भीती खरी ठरली नाही, आणि हृदयाला फायदाही दिसला नाही. मात्र हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात अडकणारी रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक होणारी इजा, हे तिन्ही त्रास औषधाच्या गटात थोडे जास्त आढळले. हाडे बळकट होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अस्थिभंगही वाढले. शिवाय सरासरी उपचार दोन वर्षांहूनही कमी चालला आणि निम्म्याहून अधिक लोकांनी तो मध्येच सोडला. दहा-दहा वर्षे जेल लावणाऱ्याला या निकालावरून निश्चिंत करता येणार नाही.

टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त दाट होते. म्हणूनच उपचारात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, वेळोवेळी मोजतात आणि तो ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवतात. व्यायामशाळेत चोरून घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांवर अशी कोणतीच नजर नसते, आणि मात्रा उपचाराच्या कितीतरी पट असते. २०१७ साली वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांच्या अभ्यासात, वर्षानुवर्षे स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन व त्याच्यासारखी औषधे, घेणाऱ्यांच्या हृदयाचा डावा कप्पा कमजोर पडलेला दिसला. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थरही जास्त होते. तरुण मुलांना हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, आणि बाहेरच्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू बनणे थंडावते हेही.

तपासणीचे म्हणाल तर एका आकड्यावर विसंबू नये. पातळी सकाळी सर्वांत जास्त असते, म्हणून रक्त सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा द्यावे. आजारपणात तर नकोच. लठ्ठपणा हे कारण असेल, तर वजन उतरल्यावर पातळी आपसूक वर येते.

पुष्कळ पुरुष टेस्टोस्टेरॉनची चौकशी करतात ती लिंगाला ताठरता येत नाही म्हणून. पण चाळिशी-पन्नाशीत ही तक्रार बऱ्याचदा रक्तवाहिन्यांची असते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने त्या आधी कुरकुरतात, छातीत दुखू लागण्याच्या काही वर्षे आधीच. अशा वेळी संप्रेरकाच्या तपासणीबरोबर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही त्याच आठवड्यात तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांना ही तक्रार न लाजता सांगावी.