पाऊस आला की रस्ता जातो: झांबियातला मका, चिखल आणि पाऊण मीटर

झांबियात पाऊस साधारण नोव्हेंबरला सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत आटोपतो, बाकी वर्ष कोरडं. मुख्य पीक मका, त्याच्या पिठाचा न्शिमा म्हणजे घट्ट शिजवलेला गोळा, तो रोज दोन्ही वेळ पानात लागतोच, आपल्याकडे भाकरी लागते तसा. आता तिथल्या शेतकऱ्याचं वर्ष बघा. पेरणीच्या वेळी टाकायचं खत, ज्याला तिकडे डी कंपाउंड म्हणतात, ते पाऊस पडायच्या आधी घरात यायला हवं, मग तीन-चार आठवड्यांनी युरिया द्यायचा, तोपर्यंत पाऊस जोरात असतो. आणि जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने, जुना मका संपलेला, नवा अजून शेतात हिरवा, त्यामुळे धान्य बाहेरून आणावं लागतं. म्हणजे खत, धान्य, दवाखाना या सगळ्यासाठी गाडीची गरज जेव्हा सगळ्यात जास्त असते नेमक्या त्याच महिन्यांत रस्ता बंद पडलेला असतो. मला या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि नुसतं किती किलोमीटर रस्ता बांधला हे मोजलं की ती दिसतच नाही.

म्हणून मोजायची पद्धत वेगळी आहे. गावातले किती टक्के लोक बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत राहतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं चाललं की गाडी मिळेल असा रस्ता आणि तोही पावसात चालू असलेला. जागतिक बँकेने २०१६ मध्ये उपग्रहाची चित्रं आणि लोकसंख्येचे नकाशे वापरून हा हिशोब नव्याने केला तेव्हा झांबियाचा आकडा १७ टक्के आला, शेजारच्या मोझांबिकचा २० च्या आसपास, आणि त्याच यादीत बांगलादेश ८७ टक्क्यांवर. झांबियात लोकवस्ती विरळ, गावं लांब लांब पसरलेली, त्यामुळे एक किलोमीटर रस्ता केला तरी त्याचा फायदा थोड्याच घरांना होतो, हेही त्यामागे आहे.

याचा शेतीशी संबंध कसा ते सरळ आहे. झांबियाला समुद्र नाही, आयातीचं खत दार-ए-सलाम, बैरा किंवा डर्बनच्या बंदरावरून शेकडो किलोमीटर येतं. १९७० ते ७५ मध्ये बांधलेली ताझारा रेल्वे दार-ए-सलामहून कापिरी म्पोशीपर्यंत १८६० किलोमीटर धावते, पण तिथून पुढचे शेवटचे १०-१५ किलोमीटर कच्चे असले की खर्च तिथेच फुगतो, कारण ट्रकवाला चिखलात टायर-ॲक्सल घालायला तयार नसतो आणि तयार झाला तर त्याचं भाडं लावतो. मका विकतानाही तेच भाडं व्यापारी शेतकऱ्याच्या दरातून कापतो. म्हणजे खत महाग घ्यायचं आणि माल स्वस्त द्यायचा, दोन्हीकडून मार. मग शेतकरी खत कमी टाकतो, आणि टोमॅटोसारखं नाशवंत पीक घ्यायची हिंमत करत नाही. त्याला कोणी मागासलेला म्हणू नये, तो हिशोब बरोबरच करतोय.

आता मुख्य प्रश्न, पावसात रस्ता जातो म्हणजे नक्की काय होतं? आपल्याला वाटतं गाड्यांनी रस्ता खराब होतो. जड गाड्यांनी होतोच, ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळा पट होतं असा रस्ता इंजिनिअरांचा जुना ठोकताळा आहे, पण दिवसाला पन्नास गाड्या जाणाऱ्या खेड्यातल्या रस्त्याचा खरा शत्रू पाणी. कोरडी माती किंवा मुरूम चांगला दाबलेला असेल तर आश्चर्य वाटेल इतकं वजन पेलतो. तोच भिजला की कणांमधलं पाणी दाब घेतं, कण एकमेकांवरून घसरतात आणि चाक खाली जातं. त्यात काळी माती असेल तर बघायलाच नको. झांबियातल्या काफुए नदीच्या पूरमैदानात अशी काळी चिकणमाती आहे, भिजली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इंग्रजीत या मातीला ब्लॅक कॉटन सॉइल म्हणतात ते नाव आपल्या दख्खनच्या कापसाच्या जमिनीवरूनच पडलं, त्यामुळे मराठवाडा-विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, पावसात शेतरस्त्यावर बैलगाडीचं चाक कसं रुततं ते त्याने बघितलेलं असतं.

उपाय मुरूम टाकणे, बरोबर? पण मुरूम राहत नाही. उन्हाळ्यात धूळ होऊन उडतो, पावसात वाहून जातो, साधारण वर्षाला २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे १५० मिलिमीटरचा थर पाच-सात वर्षांत संपला. परत टाकायचा तर जवळची खाण संपलेली, मग लांबून आणा. हा खर्च दरवेळी निघत नाही आणि रस्ता मरतो. डांबरी करावा तर जुना नियम असा की दिवसाला २०० च्या वर गाड्या असतील तरच परवडतो. इथे आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या देशांनी खरंच डोकं लावलंय आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. त्यांच्या एसएडीसी या संघटनेने २००३ साली कमी रहदारीच्या डांबरी रस्त्यांची मार्गदर्शिका काढली, अनेक वर्षं प्रत्यक्ष रस्त्यांवर केलेल्या निरीक्षणांवरून, आणि त्यात दाखवलं की १०० च्या खाली गाड्या असल्या तरी पातळ डांबरी थर परवडू शकतो, फक्त स्थानिक माल वापरा आणि पाणी लांब ठेवा.

बोट्सवानाचं बघा. कलाहारीत वाळूच वाळू, चांगली कठीण खडी मिळत नाही, मिळतो तो कॅलक्रीट म्हणजे चुनखडीने जमलेला मऊसर मुरूम. नेहमीच्या डांबरी सीलला, म्हणजे पाणी आत जाऊ न देणाऱ्या त्या पातळ थराला, एकाच मापाची, धुतलेली, क्रशरची खडी लागते. त्याऐवजी त्यांनी ओट्टा सील मोठ्या प्रमाणावर वापरलं, मूळ पद्धत १९६० च्या दशकातली नॉर्वेची, तिथल्या ओट्टा खोऱ्यावरून नाव. मऊ डांबराचा जाड थर द्यायचा, त्यावर लहान-मोठे सगळे कण असलेला चाळलेला मुरूम टाकायचा, रबरी टायरच्या रोलरने दाबायचा आणि गाड्या सोडून द्यायच्या. सुरुवातीचे काही आठवडे रस्ता धुळकट, ओबडधोबड दिसतो, बाजूला उडालेला मुरूम झाडूने परत आत ढकलावा लागतो, पण गाड्यांच्या चाकांनी मळल्यासारखं होऊन डांबर हळूहळू वर येतं आणि सगळं घट्ट बसतं. म्हणजे रहदारीच रस्ता पूर्ण करते.

आणि पाणी लांब ठेवायचं म्हणजे काय तर त्या मार्गदर्शिकेतला एक साधा आकडा, रस्त्याचा मधला उंच भाग बाजूच्या गटाराच्या तळापासून किमान पाऊण मीटर वर पाहिजे. एवढंच. डांबराच्या कडेपासून आत साधारण मीटरभर ओल शिरते म्हणून साईडपट्टीही सील करा, म्हणजे चाकाची जागा कोरडी राहते. गटार तुंबू देऊ नका, मोऱ्या साफ ठेवा. जमीन किती ताकदीची हे तपासायला मोठी लॅबसुद्धा लागत नाही, दक्षिण आफ्रिकेत घडवलेलं एक साधं यंत्र आहे, टोकदार सळई, त्यावर ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा आणि प्रत्येक ठोक्याला सळई किती आत गेली ते मोजायचं. दोन माणसं दिवसभरात बराच रस्ता तपासतात. मलावीने तर या ठोक्यांवरच खेड्यातल्या रस्त्यांचं डिझाइन करायची पद्धत बसवली. जुना रस्ता वर्षानुवर्षं गाड्यांनी दाबून आतून घट्ट झालेला असतो, तो उकरून फेकायचा की तसाच वापरायचा हे त्यातून कळतं, आणि तसाच वापरला की पैसा वाचतो.

पण रस्ता झाला तरी त्यावर जायला काहीतरी पाहिजे ना. झांबिया-झिंबाब्वेमध्ये स्कॉच कार्ट असते, जुन्या मोटारीच्या ॲक्सल-चाकांवर बसवलेली बैलांची किंवा गाढवांची दुचाकी गाडी. गाढवाच्या पाठीवर जेवढं लादता येतं त्याच्या कितीतरी पट ते चाकावर ओढतं. म्हणूनच गोचिडीने पसरणारा कॉरिडॉर रोग दक्षिण झांबियात बैल मारतो तेव्हा घराचा नांगर जातो आणि वाहनही जातं, एकाच वेळी. सायकलीचा प्रयोगही तिथे नीट मोजून झालाय. शाळेपासून ३ किलोमीटरहून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, तर शाळेत जायचा वेळ ३५ टक्क्यांनी कमी झाला, उशिरा पोचणं ६६ टक्क्यांनी आणि गैरहजेरी २७ टक्क्यांनी घटली. या प्रयोगाच्या आधी आपल्या बिहारच्या २००६ च्या सायकल योजनेचा अभ्यास झाला होता आणि त्या अभ्यासातला एक संशोधक झांबियाच्या प्रयोगातही होता.

अजून एक गोष्ट टांझानियातल्या माकेते जिल्ह्यातून १९८० च्या दशकात समोर आली. गावकरी कुठे कुठे जातात हे घरोघरी मोजलं तर बहुतेक फेऱ्या बाजाराच्या रस्त्यावर नव्हत्याच, त्या पाणी, सरपण आणि गिरणीच्या होत्या, पायवाटेने, आणि ओझं बहुतेक बायकांच्या डोक्यावर. अशा ठिकाणी डांबराआधी पायवाट नीट करणं, ओढ्यावर छोटा साकव टाकणं, किंवा गिरणीच जवळ आणणं जास्त उपयोगाचं. झांबियात गिरणीला चिगायो म्हणतात. ती सहा किलोमीटरवरून एकावर आली की मक्याची पाटी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाईचे प्रत्येक फेरीला जाऊन-येऊन दहा किलोमीटर वाचतात.