‘लोकल’ की ‘फ्लेक्स’? व्हर्च्युअल वायरलेस कंट्रोलरच्या मोडमागची गोष्ट

सिस्कोचा व्हर्च्युअल कंट्रोलर, म्हणजे सगळी वायफाय उपकरणं एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा हाताळणारा माणूस ‘लोकल मोड’ हे नाव वाचून हमखास फसतो. डेटा जागच्या जागी राहत असेल, असं त्याला वाटतं. पण या मोडमध्ये डेटाचं प्रत्येक पॅकेट बोगद्यातून (टनेल, म्हणजे नेटवर्कमधली बंदिस्त वाट) थेट कंट्रोलरपर्यंत जातं. हे नाव असं का पडलं, ते कळलं की मोड निवडणं पुष्कळ सोपं होतं.

१९९९ च्या ८०२.११बी नंतर ऑफिसांत वायफाय शिरलं, तेव्हा प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय पुरवणारं उपकरण) स्वतंत्र होता. पासवर्ड बदलायचा तर एकेका एपीवर लॉगइन करा. एअरस्पेससारख्या कंपन्यांनी ही कामं मधल्या कंट्रोलरकडे दिली. २००५ मध्ये सिस्कोने एअरस्पेस विकत घेतली आणि तिच्या प्रोटोकॉलच्या पायावर २००९ मध्ये कॅपवॅप हे एपी आणि कंट्रोलरमधल्या संवादाचं प्रमाण आलं. त्यात कंट्रोलसाठी (एपी सांभाळण्याच्या सूचना) यूडीपी ५२४६ आणि डेटासाठी (वापरणाऱ्यांचा ट्रॅफिक) ५२४७ असे दोन वेगळे पोर्ट आहेत. माझ्या मते मोडच्या निवडीचं सगळं मूळ या वेगळेपणात आहे.

कंट्रोलर त्याच कॅम्पसमध्ये असायचा तोवर ‘लोकल’ हे नाव शोभत होतं. अडचण आली शाखांमध्ये, कारण त्यांचा कंट्रोलर मुख्यालयात असायचा. लॅपटॉपपासून प्रिंटर दहा फुटांवर, पण प्रिंटचं काम मुख्यालयाला वळसा घालून परत येणार, आणि मुख्यालयाशी जोडणारी लाइन तुटली की वायफायच बंद. त्यावर उपाय म्हणून एच-रीप हा मोड आला, पुढे त्याचंच नाव फ्लेक्सकनेक्ट झालं. यात कंट्रोल मुख्यालयाकडे राहतो, डेटा शाखेच्याच स्विचवर उतरतो आणि लाइन गेली तरी जोडलेली उपकरणं चालू राहतात.

२०१२ मध्ये कंट्रोलर व्हर्च्युअल मशीनवर आला तो फक्त फ्लेक्सकनेक्ट घेऊन. सगळा डेटा ओढायचा भार सर्व्हरच्या सामायिक सीपीयूवर टाकणं परवडणारं नव्हतं. २०१८ च्या अखेरीस जाहीर झालेल्या कॅटॅलिस्ट ९८०० मालिकेतल्या ९८००-सीएल या व्हर्च्युअल कंट्रोलरने कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर लोकल मोडही दिला. पब्लिक क्लाउडवर मात्र सुरुवातीला फ्लेक्सच होतं, आणि ते योग्यच होतं.

फ्लेक्सही फुकट नाही. प्रत्येक शाखेच्या स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) आखावे लागतात, एपीचा पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा, करावा लागतो. पाहुण्यांचा ट्रॅफिक एकाच फायरवॉलमधून न्यायचा असेल, तर बोगदाच बरा. सुदैवाने ९८०० मध्ये सरसकट एकच मोड घ्यावा लागत नाही. साइट टॅग (एकेका जागेच्या एपींना लावायची सेटिंग) मधल्या ‘एनेबल लोकल साइट’ची टिक काढली की त्या साइटचे एपी फ्लेक्समध्ये जातात, बाकीचे लोकलमध्येच राहतात.