पार्श्वभूमी : भविष्याकडे पाठ केलेला देवदूत

‘देवदूतासारखा धावून आला’ हे आपल्या बातम्यांतलं ठरलेलं वाक्य. जर्मन साहित्यात इतिहासाचं प्रतीक होऊन बसलेला देवदूत मात्र कुणासाठीच धावून येत नाही. तो स्वतःच फरफटत चाललेला आहे.

या देवदूताआधी कवी रिल्केचे भयंकर देवदूत होते, पण इतिहासाशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. चित्रकार पॉल क्लेचं देवदूताचं १९२० सालचं चित्र जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनने पुढच्याच वर्षी विकत घेतलं. त्यावरचा गाजलेला परिच्छेद मात्र १९४० चा. त्यात हा इतिहासाचा देवदूत होतो: त्याच्यासमोर भूतकाळाचा ढिगारा वाढत जातो आणि वादळ त्याला पाठमोरं भविष्याकडे ढकलतं. बेन्यामिन तेव्हा फ्रान्समध्ये निर्वासित होता आणि हिटलर-स्टालिन अनाक्रमण कराराला वर्षही झालं नव्हतं. चित्रात ना ढिगारा दिसतो ना वादळ. दोन्ही बेन्यामिनची भर.

गोंधळ होतो तो इथेच. या आकृतीला सर्रास ‘प्रगतीचा देवदूत’ म्हटलं जातं, आणि ते चूक आहे. बेन्यामिनच्या मजकुरात प्रगती हे वादळाचं नाव आहे. देवदूताला थांबायचंय, मेलेल्यांना उठवायचंय, मोडलेलं सांधायचंय; पण स्वर्गाकडून येणारं वादळ पंखांत भरतं आणि ते मिटताच येत नाहीत. आपल्या भाषेत हे समजावताना आणखी पंचाईत होते. आपण ‘मागे एकदा’ म्हणतो ते गेलेल्या काळाबद्दल, ‘पुढे बघू’ म्हणतो ते येणाऱ्या काळाबद्दल. या देवदूताच्या तोंडासमोर मात्र भूतकाळ आहे आणि भविष्य पाठीमागे.

१९५५ मध्ये हे लेखन पश्चिम जर्मनीत संग्रहरूपाने निघालं. तीन वर्षांनी पूर्व जर्मनीतल्या नाटककार हायनर म्युलरने देवदूताला उलटं फिरवलं. त्याच्या ‘दुर्दैवी देवदूता’च्या पंखांवर आणि खांद्यांवर मागून भूतकाळाचा राडारोडा कोसळतो, समोर भविष्य तुंबतं आणि त्याचे डोळे आत दाबतं. शेवटी तो दगडांखाली गाडला जातो. प्रगती हे सरकारी धोरण असलेल्या देशात असं लिहिणं सोपं नव्हतं; १९६१ मध्ये एका नाटकापायी म्युलरला लेखक संघातून काढलं गेलं. तरीही शेवटच्या ओळीत दगडातून पंखांची जोरदार फडफड लाटांसारखी पसरते. ही आशा की केवळ आचका, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला ती आशा वाटते, जेमतेम.

बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९१ मध्ये, म्युलर पुन्हा याच देवदूताकडे वळला. कविता अगदी छोटी आहे. देवदूत अजून ऐकू येतो, पण त्याला आता स्वतःचा चेहरा नाही.