डोळ्याचे पाणी नाकात कसे उतरते आणि कुठे अडते

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला तपासताना नेत्रतज्ज्ञ एक लहानशी कृती आवर्जून करतात: डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून पाहतात. दाबल्यावर आतून पू किंवा चिकट पाणी वर आले, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि सगळी तयारी करून आलेले नातेवाईक हमखास नाराज होतात. परंतु या निर्णयामागचे कारण पक्के असते. त्या कोपऱ्यातील कातडीखाली अश्रुपिशवी असते, आणि तिचा निचरा बंद झालेला असेल, तर साचलेल्या पाण्यात जंतू वाढत राहतात. शस्त्रक्रियेच्या वेळी ते डोळ्याच्या आत शिरले, तर दृष्टी कायमची गमावण्याची वेळ येऊ शकते.

अश्रू केवळ रडतानाच येतात, असे नाही. डोळा ओला राहावा म्हणून ते सतत थोडे थोडे पाझरतात. त्यांपैकी काही भाग हवेत उडून जातो आणि उरलेले पाणी पापण्यांच्या आतल्या टोकांशी असलेल्या, जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर रुंदीच्या दोन छिद्रांतून आत जाते. आरशासमोर उभे राहून खालची पापणी किंचित बाहेर वळवली, की त्यांपैकी एक छिद्र स्वतःलाही दिसते. तेथून सुमारे 10 मिलिमीटर लांबीच्या बारीक नलिका अश्रुपिशवीपर्यंत जातात आणि पिशवीच्या खालच्या टोकापासून निघालेली मुख्य अश्रुनलिका हाडाच्या बोगद्यातून उतरून नाकात उघडते. डोळ्यात औषधाचे थेंब घातल्यावर घशाला कडू चव लागते, ती याच मार्गाने. हे पाणी नुसते उतारावरून वाहत जात नाही. पापणीची प्रत्येक उघडझाप पंपासारखे काम करून ते पुढे ढकलते. म्हणूनच चेहऱ्याचा लकवा झालेल्या किंवा वयोमानाने पापणी सैल पडलेल्या व्यक्तीची नलिका पूर्ण मोकळी असूनही डोळा गळत राहतो.

तान्ह्या बाळांमध्ये अडथळा बहुधा नलिकेच्या नाकाकडील तोंडाशी असतो. गर्भावस्थेत तेथे असलेला पातळ पडदा जन्मापर्यंत फाटायला हवा, तो काही बाळांमध्ये तसाच राहतो. मग एक डोळा सतत पाणावलेला दिसतो, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी मध, आईचे दूध किंवा काजळ यांपैकी काहीतरी सुचवतात. यांपैकी कशानेही पडदा फाटत नाही, जंतुसंसर्ग मात्र वाढू शकतो. अशा दहा बाळांपैकी साधारण नऊ बाळांचा मार्ग पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप मोकळा होतो. तोवर करायची गोष्ट म्हणजे मालिश, पण ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक पालक डोळ्याभोवती नुसते बोट फिरवतात. नख कापलेले, स्वच्छ धुतलेले बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर टेकवून, थोडा दाब देत नाकाच्या कडेने खाली आणायचे असते. पिशवीतील पाण्याचा दाब खाली जाऊन त्या पडद्यावर पडावा, हा त्यामागचा हेतू. 1923 मध्ये क्रिग्लर या वैद्याने वर्णन केलेली ही पद्धत आजही पहिला उपाय म्हणून सांगितली जाते. थेंबांमुळे चिपडे कमी होतात, अडथळा दूर होत नाही.

वर्षभरानंतरही पाणी थांबले नाही, तर भूल देऊन बारीक सळई नलिकेतून घालतात आणि पडदा मोकळा करतात. काही मिनिटांच्या या प्रक्रियेने बहुतेक मुले बरी होतात. मात्र बाळाला उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळ मोठे अथवा धुरकट दिसत असेल, तर वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण ती जन्मजात काचबिंदूची लक्षणे असू शकतात. जन्मतःच कोपऱ्यात निळसर गाठ असेल आणि बाळाला श्वास घेताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्या माणसांची कथा वेगळी. येथे पडदा नसतो. नलिकेच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज राहून ती हळूहळू आकसते. हा विकार मध्यम वयानंतरच्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, आणि त्यांची हाडातील वाट मुळात अरुंद असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. नाकाच्या हाडाला झालेली दुखापत, नाकातील किंवा सायनसची जुनी सूज, पिशवीत तयार झालेले खडे आणि डोसीटॅक्सेलसारखी कर्करोगावरील काही औषधे यांमुळेही मार्ग बंद होतो. पिशवीत पू साचून कोपरा सुजतो, तेव्हा त्याला आपल्याकडे लासरू म्हणतात. सूज अचानक लाल, ठणकणारी झाली, तर आधी प्रतिजैविके देऊन ती उतरवावी लागते. ती पिळून काढण्याचा मोह महागात पडतो, आणि आपोआप फुटली, तर कातडीवर नासूर राहू शकतो.

अडथळ्याचे निदान सिरिंजिंगने होते. पापणीच्या छिद्रातून क्षारजल सोडल्यावर ते घशात उतरून खारट लागले, तर मार्ग खुला आहे. उलट बाहेर आले, तर तो बंद आहे, आणि ते कोणत्या छिद्रातून व कसे परतते, यावरून अडथळ्याची जागा कळते. विशेष म्हणजे कोरड्या डोळ्यांनाही चुरचुरीमुळे भरमसाट पाणी येते, तेव्हा प्रत्येक गळणारा डोळा तुंबलेला असतोच असे नाही.

मोठ्या वयात नलिका पूर्ण बंद झाली, की औषधाने ती उघडत नाही. डीसीआर या शस्त्रक्रियेत बंद नलिकेच्या नादी न लागता पिशवी आणि नाक यांच्यामधील हाडाला खिडकी पाडून पाण्याला नवी वाट करून देतात. इटलीतील तोती यांनी 1904 मध्ये कातडीला छेद घेऊन ती केली. आता दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातूनही करता येते, म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. दोन्ही प्रकारांत यशाचे प्रमाण चांगले आहे. नंतर काही दिवस नाक जोराने शिंकरायचे नसते. फार वृद्ध किंवा प्रकृतीने नाजूक रुग्णाच्या बाबतीत कधीकधी पिशवीच काढून टाकतात. डोळ्यातले पाणी त्यानंतरही गळते, पण पुवाचा साठा संपतो आणि लांबलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता येते.